आखाजीला एकच दिवस सुटी

३ मार्च २०२५, सोमवार

नवी वही काढली. कामाबद्दल जे मीटिंगमध्ये बोलता येत नाही ते इथे लिहायचं. माझे यजमान गिरधर सुरतेला नोकरीला, महिन्यातून एकदा घरी येतात. त्यांच्यापाशी फोनवर चिडचिड करण्यापेक्षा हे बरं.

केळी उत्पादकांच्या कंपनीत लागून महिना झाला. जळगावजवळ असोद्याच्या रस्त्याला आमचं पॅकहाऊस उभं राहतंय. तिथे शेतातून घड येणार, फण्या टाकीत धुऊन खोक्यात भरणार, खोकी थंड खोलीत ठेवणार आणि तिथून कंटेनरमध्ये. मेच्या पहिल्या आठवड्यात पहिला कंटेनर आखातात रवाना व्हायला हवा. खरेदीदाराने स्पष्ट सांगितलंय, हा वेळेवर आला तरच पुढचं बोलू. ते बोलणं झालं नाही तर इतक्या गावांनी मिळून उभी केलेली कंपनी बसलीच म्हणायची.

अध्यक्ष तोतारामनाना स्वतः केळीवाले. मला नेमलं तेव्हा म्हणाले, "ताई, आपल्याकडे काम सुरू करनारे लय हायेत. संपवनारं कोनी नाही, म्हनून तुमाले बोलावलं."

पुण्यात मी इतकी वर्षं हेच करत होते. पहिल्याच दिवशी भिंतीवर मोठा पांढरा फळा लावून घेतला. एकेका कामाची एकेक ओळ आणि ओळीपुढे टिकली. हिरवी म्हणजे वेळेवर, पिवळी म्हणजे रेंगाळलंय, लाल म्हणजे अडलंय. दर सोमवारी सगळ्यांनी फळ्यासमोर उभं राहून आपापला रंग सांगायचा. "होतंय", "झाल्यात जमा", "थोडंसंच राहिलंय" हे शब्द मी बंद करून टाकलेत. झालं की नाही, दोनच उत्तरं.

१० मार्च, सोमवार

नवीन आमचा साइट इंजिनियर. मुलगा चांगला आहे, पण त्याची थंड खोली गेले तीन सोमवार "नव्वद टक्के"वर बसली आहे. आज मीटिंग थांबवली आणि सगळ्यांना घेऊन थेट खोलीपाशी गेले. दाराला रबरच नाही! दार लावलं तर फटीतून माझा हात आत जातोय. फळ्यापाशी परत आल्यावर त्याच्याच हाताने लाल टिकली लावून घेतली आणि म्हटलं, "नीट बघून घे, हा रंग तुझ्या नावाचा आहे." ऑफिस सांभाळणारी भूमिका चहा ओतता ओतता थांबली. असं एकदा व्हावं लागतं, त्याशिवाय गाडी रुळावर येत नाही.

संध्याकाळी पिंपळनेरहून आईचा फोन आला. म्हणजे गाव पिंपळनेरच्या अलीकडचं, पण आम्ही सगळे पिंपळनेरच म्हणतो. आईचं नेहमीप्रमाणे गाडं सुरू झालं. पायाला सूज आली, चप्पल होत नाही, त्यावरून शेजारच्या बेबाबाईच्या चपला, तिथून बेबाबाईची सून. मला उद्याचा अहवाल करायचा होता. म्हटलं, "आई, मुद्द्याचं सांग ना."

ती हसली. म्हणाली, "मुद्दानं काहीच नही माय. मी ठीक शे."

२४ मार्च, सोमवार

फळा अख्खा हिरवा! नवीनची खोलीसुद्धा. दोन आठवड्यांपूर्वी मीटिंग दुपारपर्यंत लांबायची, आज चहा निवायच्या आत संपली. नवीन आता पाल्हाळ लावत नाही. उभा राहतो, "हिरवा, मॅडम" म्हणतो आणि बसतो. मला हवं होतं ते हेच.

भूमिका म्हणाली, "मॅडम, आजकाल सगळे मीटिंगच्या आधी बाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभे राहून बोलतात, मग आत येतात." म्हटलं, चांगलंच आहे, तयारी करून येतात. ती काहीतरी सांगणार होती, तेवढ्यात माझा फोन वाजला.

४ एप्रिल, शुक्रवार

आईला फोन केला तर मागे केवढा गलका. कोणीतरी मोठ्याने एकामागून एक नावं पुकारत होतं. "कुठे आहेस?" म्हटलं तर, "धुयाले उनी शे, लगीन शे." कोणाचं, तर "तू वळखत नही." धाकटा भाऊ ललित तिला मोटरसायकलवर धुळ्याला घेऊन गेलाय म्हणे. या वयात तिला लग्नांची भारी हौस. नावं पुकारून आहेर घेण्याची ही नवी पद्धत कुठून आली कोण जाणे.

मग विचारलंच तिने, "आखाजीले येशी ना?" पुण्यात जिला अक्षय्य तृतीया म्हणायचे ती आमची आखाजी, लेकींनी माहेरी यायचा सण.

"येते की."

"कव्हय जाशी?"

हे तिचं कायमचं. पोरगी अजून आली नाही तोवर जायचं कधी ते विचारून घेते, म्हणजे त्या दिवसांत काय काय खाऊ घालायचं ते तिला ठरवता येतं. मीही लगेच परतीचा दिवस सांगून टाकते, म्हणजे पुढे रडारड नको. म्हटलं, तीसला आखाजी, एकला परत. ती म्हणाली, तुझ्या आबांना निंबाला झोका बांधायला सांगते. यंदा कुरडया केल्या नाहीत, असंही म्हणाली. आमच्या घरात कुरडयांशिवाय उन्हाळा मी पाहिलेला नाही. पण लग्नांमधून तिला वेळ कुठला.

२४ एप्रिल, गुरुवार



आज नाना साइटवर आले होते. त्यांना दाखवायचं म्हणून थंड खोली सुरू करायला सांगितली. यंत्र घरघरलं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. पॅनेल उघडल्यावर कळलं की आतली जोडणीच चुकली आहे आणि छतातून नेलेले पाइपही पुन्हा ओढावे लागतील. नवीनला हे गुढीपाडव्यापासून माहीत होतं! कंत्राटदाराच्या मागे लागून तो गुपचूप दुरुस्त करून घेणार होता.

मी ओरडले, "मग बोलला का नाहीस?"

त्याने फळ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. असल्या मुलांना काय म्हणावं!

फिटिंगची टोळी हिलालभाऊंची. त्यांना बोलावून म्हटलं, दिवसरात्र लागा, आठवड्यात झालंच पाहिजे. ते म्हणाले, "ताई, आखाजी शे."

"माहितीये. बुधवारी सुटी आहे."

"एक दिवस?" हिलालभाऊंनी नानांकडे पाहिलं. त्यांची माणसं रविवारीच गावी निघतात आणि आठवड्याने परत येतात. शेतावरच्या सालदार गड्यांचं वर्ष त्याच दिवशी संपतं, नवं ठरतं. लेकी माहेरी आलेल्या असतात, घरोघरी पितरांची घागर भरायची असते. त्या दिवसांत खान्देशात कोणी कामाला हात लावत नाही.

मी नानांवर घसरले, "मग मला फेब्रुवारीत सांगितलं का नाही कोणी?"

नाना ओशाळून म्हणाले, "तुमी फळ्यावर एक दिवस लिहून हिरवं लावलं व्हतं ना. आमाले वाटलं, तुमची काही सोय असन."

मला माझीच शरम वाटली. मी काही परक्या मुलखातली नाही. शाळेत असताना आखाजीचे आठ आठ दिवस मी झोक्यावरून उतरत नव्हते. आणि आराखडा करताना कॅलेंडरमध्ये एका चौकटीवर लाल रंग होता म्हणून एक दिवस लिहिला. शिकून आल्याची ही तऱ्हा.

२६ एप्रिल, शनिवार

टोळीतल्या सगळ्यांना शेडमध्ये बसवलं. म्हटलं, तुम्ही बायकापोरांना सोडून थांबायचं आणि मी माहेरी झोके घ्यायचे, असं होणार नाही. मीही जात नाही. आखाजीला इथेच तुमच्यासोबत जेवीन. मी गेले तर तुम्हीही जा.

आधी चुळबुळ झाली. मग एक म्हातारा म्हणाला, लेक माहेरी जात नाही म्हणजे काम तसंच मोठं असणार. हळूहळू सगळे तयार झाले. मला भरून आलं. हेच तर कौशल्य असतं, माणसं बांधून ठेवणं.

एकटे हिलालभाऊ मागे घुटमळत राहिले. त्यांचं गाव आमच्या गावाला लागूनच, त्यांची बायको आमच्या घरी येऊन जाऊन असते. म्हणाले, "ताई, तुम्ही जाई या ना घर. आम्ही थांबसूत."

मी ओळखलं. मी हलले की मागोमाग टोळी हलणार, बोट माझ्याकडे दाखवायला मोकळी. म्हटलं, "हिलालभाऊ, थांबताय की नाही? दोनच उत्तरं."

ते म्हणाले, "थांबसूत."

२८ एप्रिल, सोमवार

आईला कळवलं की यंदा जमणार नाही. फोन ललितने घेतला होता. म्हणाला, "अक्का, एक दिवस तरी ये. आई वाट देखी ऱ्हायनी."

"तिकडे काही अडलंय का? तसं असेल तर सांग."

मला वाटलं फोन कटला. मग "नही," म्हणाला आणि आईला फोन दिला.

आई म्हणाली, "काम सोडी येऊ नको. लोकेसले शबद देयेल शे ना तू? मंग थांब. मी ठीक शे." आवाज दमलेला होता. विचारलं तर म्हणे सांजोऱ्या करून करून दमले. मी रागावले, मी येत नाही तर एवढ्या सांजोऱ्या कोणासाठी?

या बाईचं मला कौतुक वाटतं. किती पटकन समजून घेतलं. ललितनेच उगाच गळा काढला.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

पाइप ओढून झाले. भूमिकाने घरून सगळ्यांपुरता आमरस आणि पुरणपोळ्या आणल्या. शेडमध्ये पंगत बसली, कोणीतरी फोनवर आखाजीची गाणी लावली. हिलालभाऊ पानावर बसले, पण त्यांनी घास काही उचलला नाही. हात धुताना माझ्यापाशी आले. "ताई, आते बी जा. मी गाडी करी देस. सकायले परत या."

मला संतापच आला. "हिलालभाऊ, हा विषय पुन्हा काढायचा नाही," म्हटलं. ते शिडी चढून वर गेले आणि अंधार पडेपर्यंत खाली उतरले नाहीत.

दुपारी व्हिडिओ कॉल केला. ललित म्हणाला, आई झोपली आहे. आखाजीच्या दिवशी भरदुपारी! म्हटलं, तिला उठवू नको, झोका तरी दाखव. त्याने अंगणात जाऊन दाखवला. निंबाला नवा दोर, फळीवर दुपट्याची घडी, आणि त्यावर कोणी नाही. मी म्हटलं, राहू दे तसाच, कंटेनर गेला की येते. ललितने फोन एवढा हलवला की पुढचं काही दिसलं नाही.

२ मे, शुक्रवार

झालं! खोली थंड झाली. खोकी काल संध्याकाळपासून आत होती, आज दुपारी कंटेनर भरला. नानांनी नारळ फोडला आणि चक्क डोळे पुसले. "ताई, संपवलं तुमी," म्हणाले. नवीनने शेवटची टिकली लावली. अख्ख्या हिरव्या फळ्यासमोर उभं राहून आम्ही फोटो काढला. तो लगेच ललितच्या फोनवर पाठवला, आईला दाखवायला. पाहिल्याची खूण दिसतेय, उत्तर मात्र आलेलं नाही. बिझी असतील.

हिलालभाऊ पेढाही न घेता निघून गेले. माणूस विचित्रच आहे.

उद्या सकाळच्या गाडीने गावी. आईसाठी केळीचे वेफर्स घेतलेत. आता दोन दिवस तिची बडबड ऐकायची, मुद्द्याचं असो नसो.

३ मे, शनिवार

आई गेली. सकाळी. मी साक्रीपर्यंत पोहोचले होते तेव्हा ललितचा फोन आला.

१२ मे, सोमवार. गावी

दहावा झाला. घरात माणसं आहेत, पण मला एकटीला बसावंसं वाटतं म्हणून माडीवर येऊन लिहितेय.

सगळं एकेक करून कळलं. एकदम कोणी सांगितलं नाही. होळीच्या सुमारासच धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, किडन्या गेल्यात, ताबडतोब दाखल व्हा. आईने आखाजीपर्यंतची मुदत मागून घेतली. पोरगी वर्षाची येणार आणि मी दवाखान्यात पडून राहणार का, म्हणाली. तिला मी घरातच दिसायला हवी होते, अंगणात, झोक्यापाशी. आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी दाखल होते, असं तिने आबांच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं. तीसला मी येणार, एकला जाणार, म्हणजे एकच्या संध्याकाळी दवाखाना. माझ्या परतीच्या दिवसावर तिने आपलं सगळं बेतलं होतं.

आणि मी कळवलं, येत नाही. कंटेनर गेला की येते. तेव्हा तिने दवाखानाही पुढे ढकलला.

धुळ्याला लग्न नव्हतं, दवाखाना होता. ती नावं कसली पुकारत होते ते मला आता कळतंय. आई, मी त्या आहेराच्या पद्धतीला हसले होते.

ललितला मी विचारलं, का नाही सांगितलंस? तो बारका नाही, एका मुलीचा बाप आहे, पण उंबऱ्यावर बसून पोरासारखा रडला. "तू इचारं, काही अडेल शे का. आई समोर बठेल व्हती. तिनी हात जोडात."

फोटो आईने पाहिला होता. ललितने फोन तिच्या तोंडासमोर धरला, तेव्हा तिने विचारलं, हे हिरवं हिरवं काय आहे? तो म्हणाला, अक्काचं काम बठ्ठं पुरं झालं. ती म्हणाली, "मंग आते येई ती."

हिलालभाऊ रोज येऊन अंगणात बसतात. त्यांच्या बायकोने त्यांना सगळं सांगितलं होतं. आज मी त्यांनाही तेच विचारलं. खरं तर भांडायलाच गेले होते. ते जमिनीकडे पाहत, आईचं नाव घेऊन म्हणाले, "प्रमिलाअक्कानी सांगू दिधं नही. तरी मी दोनदा उनू, ताई. तुम्ही इचारं, थांबतस का नही. मी सांगं, थांबसूत."

झोका अजून निंबाला आहे. आबांनी काल विचारलं, "सोडू का माय?" मी दोर धरून उभी राहिले. त्यांनी तो तसाच ठेवला.

२६ मे, सोमवार. जळगाव

कामावर आले. कंटेनर पोहोचला, माल चांगला निघाला, पुढचं बोलणं सुरू झालंय. नाना हात जोडून उभे राहिले.

मीटिंग घेतली. नवीन उभा राहिला. "हिरवा, मॅडम."

मी विचारलं, "खरंच?"

"खरंच, मॅडम."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. तो खरं सांगत होता की नाही, मला ओळखता आलं नाही. पूर्वीही येत नव्हतंच, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. टिकलीचा कागद त्याच्या हातातून घेतला आणि म्हटलं, आज रंग नको, बस, काय काय त्रास आहे ते बोल. कितीही वेळ लागू दे. तो बसला, पण बोलला काहीच नाही. भूमिका चहा देऊन गेली, तो निवला. मी त्याला दोष देत नाही. माझ्यासमोर बोलायला माणसाला धीर कुठून यावा?

१९ एप्रिल २०२६, रविवार, आखाजी. गावी

वही वर्षभर उघडली नाही.

यंदाच्या आराखड्यात आखाजीचा अख्खा आठवडा बंद लिहिला. त्यामुळे एक कंटेनर उशिरा जाणार, हे खरेदीदाराला आधीच कळवलं. नानांनी लगेच मान डोलावली. नवीन गेल्या महिन्यात स्वतःहून केबिनमध्ये आला आणि म्हणाला, मॅडम, टाकी गळतेय, माझ्याच्याने होत नाहीये. मला इतका आनंद झाला की त्याला कळेचना, ही बाई हसते कशाला. तो गेल्यावर मी दार लावून रडले.

शुक्रवारीच गावी आले. येताना गाडीत हिलालभाऊ आणि त्यांची माणसं होती. त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

आज आईची पहिली घागर. कोरी मातीची घागर मी विहिरीवरून भरून आणली. ललितने ती पाटावर मांडली. त्यावर आंबा ठेवला, सांजोरी ठेवली. सांजोऱ्या मी केल्या, पहिल्यांदाच. सारण बाहेर आलं, दोन फुटल्या. आबांनी त्यातली फुटलेलीच मागून खाल्ली आणि म्हणाले, बऱ्या झाल्यात.

मग त्यांनी मला हाताला धरून अंगणात नेलं. निंबाला झोका बांधलेला होता. दोर गेल्या वर्षीचाच. "बस माय," म्हणाले. मी बसले. ललितच्या मुलीने मागून हलकेच ढकललं.

आई असती तर आल्याआल्या विचारलं असतं, कव्हय जाशी? आणि मी लगेच परतीचा दिवस सांगितला असता. यंदा चांगले आठ दिवस राहायचं ठरवून आलेय. कोणी विचारलंच नाही.